तारोडीची घोडी

रेसमधून काढलेल्या घोड्यांना घरं शोधून द्यायचं काम मी नऊ वर्षं केलं. नऊ वर्षांत अकरा घोडे. त्यातल्या दहांबद्दल मी कुठेही ताठ मानेने बोलतो. लोक ऐकतात, मुक्या जनावरांचं पुण्य म्हणतात, आणि मी ‘छे छे’ म्हणत ते पुण्य पदरात पाडून घेतो. राहिलेल्या एका घोडीबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही. ती क्रमाने सातवी. म्हणजे तिच्यानंतरही मी चार घोडे लावून दिले, इतका मी निगरगट्ट.

मी तेव्हा भाईंदर स्टेशनात मालबाबू होतो. मीठ, दगड, भाताची पोती, भाजीच्या टोपल्या, जे काही मालगाडीच्या वाघिणीत चढायचं ते माझ्या सहीने चढायचं. सही छोटी आणि रुबाब मोठा, अशी ती नोकरी. घोड्यांशी माझा संबंध एवढाच, की टांग्यातून उतरताना मी त्यांच्या शेपटीपासून लांब राहायचो.

एकदा मुंबईहून घोड्यांच्या वाघिणीतून एक पांढरा घोडा आला. पुढच्या पायाने लंगडत होता. ज्याच्या नावावर आला तो न्यायला फिरकलाच नाही. नियमाप्रमाणे मी तो मालधक्क्यावर बांधून ठेवायचा आणि तार करायची. तार केली. पण धक्क्यावर ऊन रणरणत होतं, म्हणून त्याला शेडच्या आत सावलीला नेऊन बांधलं, मुर्ध्याहून गवताचे दोन भारे मागवले, आणि शेडमध्ये त्याच्यामुळे जागा उरली नाही म्हणून माझं टेबल बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी घोड्याचे मालक स्वतः आले. पांढरा डगला घातलेले, काठी टेकत चालणारे वयस्क पारशी गृहस्थ. घोडा आत सावलीत निवांत मिठाचं पोतं चाटत उभा आणि मी बाहेर उन्हात कागद लिहीत बसलेलो, हे बघून ते हसले.

“दीकरा,” ते म्हणाले, “तू घोड्याला सावलीत ठेवला ने तू उन्हात बसला. आपल्याला असाच माणूस पाहिजे.”

त्यांचे चार-सहा घोडे मुंबईला रेसमध्ये धावत. धावून धावून पाय गेले, दम गेला, की घोडा रेसमधून काढायचा. असे घोडे मग टांगेवाल्याकडे जात आणि दोन-तीन वर्षांत रस्त्यावर पडून मरत. म्हाताऱ्याला ते बघवत नसे. मोकळ्या हवेत, गवतपाण्याच्या गावी कुणी घोडा घरच्यासारखा सांभाळणार असेल तर ते घोडा फुकट देत, वर चंदीचा दाणाही पाठवत. त्यांना फक्त घर हुडकून देणारा खात्रीचा माणूस हवा होता. मी तो झालो. पैशाचा प्रश्न नव्हता, मला मान हवा होता, आणि तो भरपूर मिळाला.

अटी सरळ होत्या. टांग्याला जुंपायचा नाही, चाबूक लावायचा नाही, वरातीला किंवा जत्रेला द्यायचा नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली. “घरी दिलेला घोडा परत आला, तर मी त्याला दुसऱ्या कोणाला देणार नाय. मी बुढ्ढा माणूस, ठेवायला जागा नाय. टांग्यात मरण्यापेक्षा माझ्या सामने, माझ्या डाक्टरच्या हातून एक गोळी. म्हणून घर पक्कं बघ.”

मी घर पक्कं बघायचो. बघायला गेलो की आधी त्या घरच्या बैलाची मान बघायची. जुवाने मान सोललेली असली की नमस्कार करून परत. मग विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघायचं, कारण आमच्या बाजूला दहा पावलांवर पाणी गोडाचं खारं होतं. बोलणं घरच्या बाईशी करायचं, कारण चंदी-पाणी शेवटी तिच्याच गळ्यात पडतं. गोळीची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगत नसे. सांगितली असती तर कुणी घोडा घ्यायला पुढे आलं नसतं.

अशी सहा घरं लागली. मग सातवी घोडी आली. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रंग तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, पायाच्या शिरा सुजलेल्या, आणि नजर अशी की आपण काही विसरलोय का, असं आपल्यालाच वाटावं. तिचं रेसमधलं नाव चांगलं हातभर लांब इंग्रजी होतं. ते इथे कुणाला म्हणता आलं नसतं.

तिला मागणारा तारोडीचा होता. ख्रिस्ती माणूस, वीस वर्षं आगबोटीत कोळसा मारून छाती खराब झाली तसा गावी परतलेला. पोरबाळ नव्हतं. बायको वाडीत वांगी-मिरच्या लावायची आणि टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात यायची. मी घर बघायला गेलो तर त्यांच्याकडे बैलच नाही. मी मान बघायची कुणाची? माझी पंचाईत बाईच्या लक्षात आली.

“बैल न्हाय आमच्याकडं, बाबू,” ती म्हणाली. “कोंबऱ्या हायेत. त्यांची मान बगा.”

मी हसलो आणि विहिरीचं पाणी चाखलं. गोड होतं. परसात माडांखाली त्या माणसाने घोडी मिळायच्या आधीच झावळ्यांचं छप्पर उभं केलं होतं. खाली समुद्राची वाळू अंथरलेली, तीही चाळून घेतलेली, पायाला शिंपला लागू नये म्हणून. असं घर मला आधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्याने घोडीचे पाय बरे केले. ओहोटीच्या वेळी रोज तिला गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी करायचा आणि स्वतः शेजारी उभा राहून तिच्याशी बोलायचा. काय बोलायचा कोण जाणे, आगबोटीतल्या गोष्टी असतील. सहा महिन्यांत सूज उतरली. रविवारी दोघं मिस्साला निघाली की घोडी मोकळीच मागोमाग चर्चच्या फाटकापर्यंत जायची आणि मिस्सा सुटेपर्यंत बाहेर चरत राहायची. गावातली म्हातारी माणसं तिला येता-जाता विचारत, “काय, आलीस का?” मी हे सगळं म्हाताऱ्याला पत्रात लिहायचो, आणि त्यात माझ्या पारखीची तारीफ हळूच मिसळायचो.

एका भेटीत त्या माणसाने मला बाजूला घेतलं.

“बाबू, एक खोड हाय हिला. तुमाला सांगून ठेवतो. ती आपली वलांडी हाय ना, बोंबील वालत घालायची? बांबूवर आडव्या दोऱ्या. परवा वाट करायला मी पुढची दोरी वर उचलली, म्हटलं हिला खालून जाऊ दे. दोरी वर गेली आन् ही सुटली! पार किनाऱ्याच्या टोकाला जाऊन थांबली. दुसऱ्या दिशी पुन्ना तसंच. एरवी गाय हाय बिचारी. पन पुढं आडवं कायतरी धरलं आन् ते वर गेलं, का ती थांबत न्हाय.”

मला हे ऐकून गंमत वाटली, कारण मला त्याचं कारण ठाऊक होतं. म्हाताऱ्याने एकदा मला रेस बघायला नेलं होतं. तिथे घोडे ओळीत उभे करत, त्यांच्या तोंडापुढे आडव्या दोऱ्या ताणलेल्या असत, आणि त्या दोऱ्या झटकन वर उडाल्या की घोडे सुटत. ही घोडी पाच वर्षं तेवढंच शिकली होती. मी त्याला हे समजावून सांगितलं, चांगलं ऐटीत, हातवारे करून. तो मान हलवत म्हणाला, “म्हंजी तिची चूक न्हायच. तिला वाटतं आपन काम करतोय.”

हे संभाषण मी इतकं बारीक लिहितोय, कारण त्याला काय ठाऊक होतं आणि मला काय ठाऊक होतं, यात पुढे मला पळवाट नको.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका मिठागरवाल्या शेटच्या मुलाचं लग्न निघालं. शेटचं मीठ रोज माझ्या धक्क्यावरून जायचं. एक दिवस सगळ्यांच्या देखत त्यांनी मला विचारलं, “बाबू, पोराचं लगीन हाय. नवऱ्याला काय टांग्याच्या घोड्यावर बसवू? तुमची ती तारोडीची घोडी द्या की एक दिवस. राजाची घोडी दिसते.”

अट स्पष्ट होती, वरातीला द्यायची नाही. पण शेट भाडं देणार नव्हते, नुसती मागत होते, तेव्हा म्हाताऱ्याची अट भाड्याच्या वरातीबद्दल आहे असं मी मनात ठरवून टाकलं. हमाल, टांगेवाले, बुकिंगबाबू सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शेटने विचारलं, “काही खोड-बिड?” आणि मी म्हणालो, “एकसुद्धा नाही.”

तोंडातून शब्द गेला तेव्हाच मला ती वलांडीची दोरी आठवली होती. आठवली नव्हती असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

तारोडीचा माणूस कुरकुर करत का होईना, तयार झाला. माझ्या शब्दाबाहेर तो नव्हता. फक्त म्हणाला, “मी लगाम धरून बरोबर येनार. आन् तिथं आडवं-बिडवं काय न्हाय ना?” मी म्हणालो, “काही नाही. वाजतगाजत जायचं आणि यायचं.” हे बोलताना मला नवरीच्या गावची रीत ठाऊक होती. आमच्या बाजूच्या लग्नांत मी ती पुष्कळदा पाहिली होती. नवरा वेशीवर आला की नवरीचे भाऊ वाटेत आडवा शेला धरतात. थट्टामस्करी होते, अडवाअडवी होते, नवरा नारळ देतो, मग भाऊ शेला डोक्यावर उंच उचलतात आणि त्याखालून नवरा गावात शिरतो. मी ठरवलं होतं की आयत्या वेळी नवरीच्या भावांच्या कानात सांगायचं, बाबांनो, शेला खाली सोडा, वर उचलू नका. एवढं एक वाक्य. त्यासाठी आत्तापासून घोडीला नावं कशाला ठेवायची?

लग्नाच्या दिवशी घोडी खरंच राणी दिसत होती. शेटने तिच्यासमोर मुद्दाम ढोल-ताशे वाजवून बघितले. रेसच्या गर्दीत वाढलेलं जनावर ते, कान हलवून स्वस्थ उभं. लोक म्हणाले, गाय आहे गाय. शेट खूश झाले आणि त्यांनी माझ्या डोक्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधला. मालबाबूला वरातीत सगळ्यांच्या पुढे चालायला मिळालं. तारोडीचा माणूस आपला रविवारचा कोट घालून लगाम धरून मागे चालत होता, घामाने निथळत.

मिठागरांच्या बांधावरून वरात दोन मैल गेली. चालताना दोन वेळा मनात आलं, पुढे पळत जाऊन त्या भावांना सांगावं. पहिल्यांदा शेटचे एक बडे पाहुणे माझ्याशी बोलत होते आणि मला ते बोलणं सोडवेना. दुसऱ्यांदा वाटलं, आता सांगितलं तर शेट म्हणतील, तुम्ही तर म्हणाला होता एक खोड नाही. वेस आली. भावांनी लाल शेला आडवा ताणला. नारळाची घासाघीस सुरू झाली, बायका हसायला लागल्या.

“बाबू,” मागून हाक आली. तारोडीच्या माणसाने शेला बघितला होता. “बाबू, ते काय धरलंय? ते वर न्हाय ना उचलायचे?”

मी वळून बघितलं. त्याचा चेहरा भेदरलेला. घोडी कान पुढे करून, मागचे पाय आवळून उभी राहिली होती. मी काय केलं? मी हसून हात हलवला, काही होत नाही म्हणून. फेटा सरळ केला.

शेला वर गेला आणि घोडी सुटली. गर्दी दुभंगली, कुणी तुडवलं गेलं नाही ही देवाची कृपा. तारोडीच्या माणसाने लगाम सोडला नाही, तो दहा पावलं फरफटत गेला आणि मग लगाम त्याच्या तळव्याची साल घेऊन सुटला. नवरा बांधाच्या कडेला उडाला आणि खांद्यावर आपटला. मुंडावळ्यांसकट मिठाच्या चिखलात. घोडी बांधावरून सरळ धावत गेली, टोकाला उजवीकडे वळली, आणखी थोडं धावली, आणि मग आपोआप वेग कमी करत, मान डोलावत, चालत परत आली. येऊन आमच्यासमोर आडवी उभी राहिली. रेस संपली की कुणीतरी खोगीर उतरवून पाणी मारतं, तशी वाट बघत. ती खूश होती हो. मी डोळ्यांनी पाहिलं.

नवऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून लग्न लागलं. पण त्याआधी तिथेच वेशीवर शेट गरजले, “हे कुणाला ठाऊक होतं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, एवढ्याशा क्षणात माणूस विचार करत नाही, आतला माणूस नुसता बाहेर येतो. मी तारोडीच्या माणसाकडे बोट केलं आणि म्हणालो, “ह्यानं मला सांगितलं नाही. खोड लपवून ठेवली.”

तो तळवा दुसऱ्या हाताने दाबून उभा होता, कोटावर रक्त ठिबकत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काहीतरी हिशेब लागत नसल्यासारखं. मग तो शेटना म्हणाला, “बरोबर हाय, शेट. मी सांगाया पायजे होतं.”

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे मला सांगायचं तेवढं. ती ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, “अहो, त्या माणसाच्या हाताला पट्टी कुणी बांधली?” मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याचं पत्र आलं. शेटने त्यांना परस्पर कळवलं होतं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं, माझा तुझ्यावर विश्वास आहे, काय झालं ते खरं लिही. घर चांगलं असेल आणि चूक माणसाची असेल, तर घोडी तिथेच राहू दे. घर खोटं असेल तर तिला परत पाठव.

म्हणजे घोडीचं जगणं-मरणं माझ्या एका पत्रावर होतं, आणि ते मला स्वच्छ माहीत होतं. मी लिहिलं की घर योग्य नव्हतं, राखणाऱ्याने खोड लपवली, आणि अट मोडून घोडी लग्नाला देण्याचा हट्टही त्याचाच होता. हे शेवटचं मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. बायकोने कागद उचलून वाचला.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“नोकरी सांभाळायची असते,” मी म्हणालो.

“नोकरीचा ह्यात काय संबंध?”

काहीच नव्हता. मला कोण काढणार होतं? शेट चार दिवस फुगून बसले असते, म्हाताऱ्याने एक कडक पत्र लिहिलं असतं. मला फक्त चार माणसांत जाऊन म्हणावं लागलं असतं, की मी खोटं बोललो. तेवढ्यासाठी मी ते पत्र टपालात टाकलं. इतक्या वर्षांत मी स्वतःसाठी याहून चांगलं कारण शोधून पाहिलं आहे, सापडलेलं नाही.

घोडी परत पाठवा, असा उलट टपाली निरोप आला. घोड्यांची वाघीण मागवायचं कामही अर्थात माझंच.

ठरलेल्या दिवशी सकाळी तारोडीहून तो तिला चालवत घेऊन आला. त्याची बायको बरोबर होती. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मला वाटलं, आता हा बोलेल. धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं, बोलायला मोकळीक होती. तो बोलला तो हळू आवाजात, जणू मलाच काही लागू नये म्हणून.

“तुमी काय मनाला लावून घेऊ नका, बाबू. शेटपुढं तुमचं नाव खराब झालं असतं, तर पुढच्या घोऱ्यांना घरं कोन दिली असती? माझं काय जातंय? मी तारोडीत, शेट भायंदरात.” मग घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, “ही आपल्या जुन्या घरी चालली. तिथं तिला बरं वाटंल. हिच्या वलखीची मानसं असतील.”

गोळीची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. आपण दोष अंगावर घेतला तर फार तर घोडी जाईल, एवढंच त्याला माहीत होतं. ती मरेल हे त्याला माहीत नव्हतं. त्या वेळीसुद्धा सांगता आलं असतं. वाघीण अजून उघडी होती. म्हाताऱ्याला तार करता आली असती, तारेचं यंत्र माझ्यापासून वीस पावलांवर होतं. मी म्हणालो, “हो, तिथे फार चांगलं ठेवतात.”

मग त्याने मला लिहून घ्यायला सांगितलं. पाण्यात चिमूटभर गूळ टाकला तर पिते. डाव्या कानामागे खाजवलेलं आवडतं, उजव्या नाही. पाय सुजले तर खारं पाणी, औषध नको. सकाळी कुणीतरी तिच्याशी बोलावं, काहीही चालतं. त्याची बायको मध्येच म्हणाली, “वांगी देऊ नका म्हनावं, पोट दुकतं.” मी वाघिणीच्या चिठ्ठीच्या पाठीवर सगळं ओळीने लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात, आणि ती चिठ्ठी दाराला बांधली. घोडी त्याच्या मागोमाग वाघिणीत चढली. त्याला उतरताना बघून तीही उतरायला लागली, तेव्हा मी दार लावून घेतलं.

आठवड्याने म्हाताऱ्याच्या पत्रात एक ओळ होती. काम झालं, तिला काही कळलं नाही.

त्यानंतर तारोडीचा माणूस आपल्या बायकोच्या टोपल्या उचलायला स्टेशनवर आला की माझ्या टेबलापाशी थांबायचा. “काय खबर घोरीची?” मी म्हणायचो, बरी आहे. पण नुसत्या ‘बरी आहे’वर त्याचं समाधान होत नसे. मग मी खाण्यापिण्याचं सांगू लागलो. सूज नाही, गुळाचं पाणी पिते, सकाळी एक बोलका मोतद्दार तिच्याशी बोलतो. खोटं सांगताना मी त्याचीच चिठ्ठी त्याला परत वाचून दाखवत होतो. लढाई सुरू झाली, धान्य मापून मिळायला लागलं, तर तो विचारी, “चंदी मिलते ना तिला?” एकदा मी फार वैतागलो, खरं तर स्वतःवर, पण राग निघाला त्याच्यावर. काहीतरी मोठं सांगितलं की याचं विचारणं थांबेल, असं वाटून मी म्हणून बसलो, “अहो, तिला शिंगरू झालंय, मादी.”

तो मिठाच्या पोत्यावर मटकन खाली बसला. मग उठून माझे दोन्ही हात धरले, आणि त्याच्या तळव्यावरचा तो जाड वळ मला लागला.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर नवरा-बायको दोघं चर्चच्या कपड्यांत चालत स्टेशनवर आली. बायकोच्या हातात डबा. त्यांच्यात सणासुदीला करतात ते फुगे तिने रेशनच्या दिवसांत पीठ साठवून तळून आणले होते. तिने ते हमालांना वाटले, बुकिंगबाबूला दिले, एका टांगेवाल्याला दिले. कुणी विचारलं कशाचे, तर सांगायची, “आमच्या घोरीला पोर झाली.” मला सगळ्यांत आधी दिला होता. मी तो हातात घेऊन उभा होतो.

तो बोटं मोजत माझ्याजवळ आला. “बाबू, तीन वर्सांनी ती धावाया लागंल, न्हाय? मंग चार-पाच वर्सं धावंल. तंवर मी असन का नसन, पन ही हाय,” बायकोकडे मान करून तो म्हणाला. “पोरीचं धावून झालं का आमच्याकडंच पाठवा. दुसरं घर बगू नका. परसातलं छप्पर दरसाल शाकारतो मी.”

हमाल ऐकत होते. त्यांच्याकडे एकवार बघून तो मुद्दाम मोठ्याने पुढे म्हणाला, “आन् त्या दोरीचं मी सगल्यांना पयलंच सांगून ठेवीन. मागच्या बारीला माजी चुकी झाली.”

मी बरं म्हणालो, आणि हातातला फुगा खाल्ला.